गगनबावड्याचा पाऊस, शिरोळचा पूर आणि जगाचा पुरावा

२०२५ च्या मे महिन्यात कोल्हापुरात उन्हाळा जाणवलाच नाही. वळीव सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. मॉन्सून २४ मेला केरळात आणि २५ मेला महाराष्ट्रात दाखल झाला, आणि भुदरगड-राधानगरीकडच्या धूळवाफ पेरण्या वाफशाअभावी अडून राहिल्या. त्याच दिवसांत शहरातल्या एका सभागृहात हवामानबदलावर चर्चा होती, मी ऐकायला गेलो होतो. व्यासपीठावरचे वक्ते पृथ्वी कशी तापते आहे ते सांगत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतले, पंचगंगेकाठच्या कसबा बावड्याचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, यंदा आमच्यात मे महिन्यात पंखा लावायला लागला नाही. तुमचं जग तापू दे, आमच्या बावड्याचं बोला." टाळ्या पडल्या. वक्त्यांनी पडद्यावर २०१९ चा फोटो आणला, शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला पुणे-बंगळूर महामार्ग. "हे घ्या, तुमच्या दारातलंच उदाहरण," ते म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. मला दोन्ही वेळा टाळी वाजवता आली नाही. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला, आणि ज्या गल्लतीबद्दल उत्तरपत्रिकेत लाल रेघ ओढायचो तीच इथे जाणत्या माणसांच्या तोंडून, दोन्ही बाजूंनी, ऐकत होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पृथ्वी तापते आहे का, हा प्रश्न कोल्हापूरच्या गार मे महिन्यावरून सुटत नाही, आणि कोल्हापूरच्या पुरावरूनही सुटत नाही. त्याला जगभरच्या नोंदी लागतात. त्या आहेत, आणि त्यांचं उत्तर स्पष्ट आहे : पृथ्वी तापते आहे आणि माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलामुळे तापते आहे. पंचगंगेचं पाणी एखाद्या गल्लीत का शिरलं, हा प्रश्न मात्र जगाच्या सरासरीवरून सुटत नाही. त्यासाठी नदीचं पात्र, रस्त्यांचे भराव, धरणांचा विसर्ग, पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामं बघावी लागतात. पुरावा स्थानिक चांगला की जागतिक, हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. आधी प्रश्न कोणता ते ठरवा, मग पुरावा कुठून आणायचा ते आपोआप ठरतं. त्या सभागृहात एकाने जगाच्या प्रश्नाला बावड्याचा पुरावा दिला, दुसऱ्याने त्याच चुकीला आपल्या सोयीचं उदाहरण जोडलं. आपल्याला उन्हाळा लागला नाही तो २०२५ चा मे महिना जगाच्या नोंदीत तोवरचा दुसऱ्या क्रमांकाचा उष्ण मे होता. वक्त्यांनी हे सांगायला हवं होतं. त्यांनी फोटो दाखवला, कारण फोटोला टाळ्या पडतात.

त्या गृहस्थांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. "आमच्या बावड्याचं बोला" ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यामागे आपल्या जिल्ह्याचा सगळा भूगोल उभा आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शिरोळला जेमतेम पाचशे. दोन्हीमध्ये अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. या दोन आकड्यांची सरासरी काढून जिल्ह्याचा पाऊस सांगितला तर तो ना घाटातल्या माणसाच्या ओळखीचा, ना कृष्णाकाठच्या. महापुराचंही तसंच. २००५ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५० फुटांच्या आसपास गेली होती, २०१९ ला ५५ च्या वर आणि २०२१ ला ५६ च्या आसपास. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ मोठा की २०२१, असं कोल्हापूरकराला विचारा, तो २०२१ म्हणेल. सांगलीकर २०१९ म्हणेल, कारण आयर्विन पुलावर २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला तेवढं चढलं नाही. दोघेही खरं बोलतात. पन्नास किलोमीटरवर उत्तर बदलतं, तर सगळ्या पृथ्वीचा एक आकडा सांगून कुणाचं समाधान का व्हावं?

सरासरीवरचा हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो : जगाच्या सरासरी तापमानात कुणीच राहत नाही. खरं आहे. पण कोल्हापूरच्या ऊसकऱ्याने तरी हा आक्षेप घेऊ नये. त्याच्या उसाचा पैसा कशावर ठरतो? कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, निघते. त्या सरासरीइतका उतारा त्याच्या एकाही मोळीचा नसेल. काळ्या रानातला वेगळा, माळावरचा वेगळा, आडसालीचा वेगळा, खोडव्याचा वेगळा. तरी एका ट्रॉलीचा रस काढून 'यंदा उतारा पडला' असं कुणी म्हटलं तर त्याचं कुणी ऐकून घेणार नाही. हंगाम कसा गेला हे हंगामाच्याच आकड्यावरून कळतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आणि उतारा दरवर्षी सगळीकडे थोडा थोडा घसरत गेला, तर एखाद्याच्या फडात यंदा चांगला निघाला म्हणून आपण निर्धास्त राहत नाही. पृथ्वीच्या तापमानाची सरासरी याच कामासाठी आहे. ती कुणाच्या अंगाला लागणारं ऊन सांगत नाही, सगळा ताळेबंद कुठल्या बाजूला झुकतो आहे ते सांगते.

जागा निवडण्याची मुभा दिली की काहीही सिद्ध करता येतं. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहोफ यांनी बाहेरच्या बर्फाचा गोळा आणून दाखवला आणि एवढी थंडी असताना कसली तापमानवाढ, असा सवाल केला. १९३० च्या दशकात अमेरिकेत भयंकर उष्णतेच्या लाटा आल्या, मैदानी मुलुखात धुळीची वादळं झाली, आणि 'तेव्हाच आजच्यापेक्षा जास्त गरम होतं' हा दाखला आजही दिला जातो. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीने पृथ्वीच्या पृष्ठभागाचा दोन टक्के भागसुद्धा व्यापलेला नाही. तिसरा लोकप्रिय दाखला मध्ययुगाचा : साधारण ९५० ते १२५० या काळात युरोपात ऊब होती, ग्रीनलंडमध्ये वसाहती होत्या, तेव्हा कारखाने कुठे होते? प्रश्न चोख आहे आणि त्याला चोख उत्तरही मिळालं आहे. जगभरच्या झाडांच्या वर्षवलयांतून, प्रवाळांतून, बर्फाच्या गाभ्यांतून, तळ्यांच्या गाळातून गेल्या दोन हजार वर्षांचं तापमान मांडणारा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ययुगातली ऊब आणि नंतरची थंडी वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या शतकांत आली होती. एकाच वेळी पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागावर पसरलेली तापमानवाढ फक्त विसाव्या शतकात दिसते. म्हणजे युरोपचं मध्ययुग हा खरा स्थानिक पुरावा आहे, आणि स्थानिक म्हणूनच तो आजच्या गोष्टीशी ताडता येत नाही. हे कळायला एका खंडाबाहेर पडावं लागलं.

हीच चूक दुसऱ्या बाजूनेही होते, आणि ती आपल्या बाजूची माणसं करतात म्हणून मला जास्त टोचते. जकार्ता बुडते आहे हे चित्र समुद्र वाढल्याचा पुरावा म्हणून फिरतं. जकार्ताची जमीन मुख्यतः भूजल उपसल्यामुळे खचते आहे. समुद्र थोडा वर येतो, शहर त्याहून कितीतरी वेगाने खाली जातं. उलट स्टॉकहोमला, जिथे अठराव्या शतकापासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे, पाणी किनाऱ्याच्या मानाने उतरतं आहे, कारण हिमयुगातल्या बर्फाचं ओझं गेल्यापासून तिथली जमीन अजून वर येते आहे. मग स्टॉकहोम दाखवून समुद्र घटतो म्हणायचं आणि जकार्ता दाखवून तो मीटरांनी वाढतो म्हणायचं? मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. अशा शेकडो बंदरांच्या नोंदींतून जमिनीची हालचाल वजा केली, की १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वर आल्याचं दिसतं. हा आकडा कुठल्याही एका किनाऱ्यावर उभं राहून दिसत नाही. आणि जकार्ताच्या माणसाला त्याचा उपयोग अर्धाच आहे, कारण त्याला आधी बोअरवेल बंद करायच्या आहेत.

यातला एक बारकावा सहसा निसटतो. एका जागेचा पुरावा नेहमी स्थानिकच असतो असं नाही. हवाई बेटावर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. तिथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. डोंगर एक, मोजमाप एका जागेचं, तरी तो सगळ्या जगाचा पुरावा, कारण हा वायू हवेत शंभर वर्षांहून अधिक टिकतो आणि साऱ्या वातावरणात मिसळतो. कोल्हापुरातल्या वीटभट्टीचा धूर आणि ओहायोतल्या वीजकेंद्राचा धूर त्या आकड्यात एकत्र येतात. पावसाचं तसं नाही. गगनबावड्याचा पाऊस शिरोळला पोहोचत नाही, त्याचं पाणी पोहोचतं. म्हणून पुरावा किती दूरचा हे मोजण्याआधी, ज्याचा पुरावा आहे ती गोष्ट मिसळणारी आहे की जागच्या जागी राहणारी, हे विचारायला हवं.

आपल्याच पावसाची कहाणी बघा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला. तेव्हाचे हवामान अधिकारी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि मॉन्सून यांचा संबंध जोडून १८८० च्या दशकात पावसाचे अंदाज द्यायला सुरुवात केली. पुढे जॉन इलियट आले. १८९९ साठी त्यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता, आणि त्या वर्षी पाऊस इतका दगावला की दुष्काळात लाखो माणसं मेली. १९०४ मध्ये सिमल्याला गिल्बर्ट वॉकर आले. हा केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्रातला अनुभव जवळजवळ शून्य. त्याने काय केलं? भारतातला पाऊस का हुकतो हे शोधायला त्याने दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातली बेटं इथले हवेच्या दाबाचे आकडे मागवले, कारकुनांची फौज बसवली आणि वर्षानुवर्षं जुळणी केली. त्यातून १९२४ पर्यंत त्याच्या हाती आलं ते असं : प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, आणि हा प्रचंड झोका भारताच्या पावसाशी बांधलेला आहे. त्याच झोक्याच्या जोडीने प्रशांत महासागराचं पाणी तापतं, त्याला आपण आज एल निनो म्हणतो. १९७२ ला महाराष्ट्रात विहिरींचे तळ दिसले, लोक खडी फोडायला गेले, आणि त्याच एल निनोच्या फेऱ्यात पेरू देशाच्या किनाऱ्यावरची मासेमारी कोसळली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने तेव्हा म्हटलं असतं की पेरूचं मला काय सांगता, माझ्या विहिरीचं बोला, तर त्याच्या दुःखाला ते शोभलं असतं. पण त्याच्या विहिरीचं उत्तर काही अंशी पेरूच्याच किनाऱ्यावर होतं. ते तिथे शोधणाऱ्याने त्याच्या विहिरीकडे पाठ फिरवली होती का?

वॉकरच्या कहाणीचा पुढचा भागही सांगायला हवा. १९९७ ला शतकातला एक मोठा एल निनो आला आणि भारतात पाऊस सर्वसाधारण पडला. जगाचा झोका आपल्या पावसाचं पारडं एका बाजूला ओढतो, शेवटचा शब्द मात्र त्याचा नसतो. तापमानाच्या बाबतीतही भारताचं असंच आहे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जगाच्या वाढीपेक्षा हे कमी आहे. शंकेखोर हा आकडा बरोबर हेरतात, आणि हवामानबदल मानणारे तो लपवतात. लपवायचं काय कारण? आपल्या आकाशातल्या धुळीच्या, धुराच्या कणांनी ऊन अडवलं, सिंचनाच्या पाण्याने जमीन गार ठेवली, आणि विषुववृत्ताजवळचे प्रदेश तसेही ध्रुवाकडच्या भागांपेक्षा कमी तापतात. त्याच अहवालात आणखी एक गैरसोयीची ओळ आहे : १९५१ ते २०१५ या काळात भारतातला मॉन्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ती घट पश्चिम घाटातही ठळक आहे. पृथ्वी तापली की पाऊस वाढतो एवढंच पाठ केलेल्याची इथे पंचाईत होते. पावसाचं एकूण प्रमाण घटतं आणि तरी तो पडतो तेव्हा अंगावर कोसळतो, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाची वाढती लहर आहे. मात्र त्यांच्या अभ्यासातल्या चौकटीत कोल्हापूर येत नाही. तो आकडा तसाच उचलून पंचगंगेला लावणं म्हणजे सभागृहातली चूक पुन्हा करणं.

आता आकडे दुरुस्त करण्याबद्दल, कारण त्या चर्चेत शेवटी हाही आरोप झाला : शास्त्रज्ञ जुन्या नोंदी बदलतात. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी माझ्या मामांचं घर आहे. ओसरीच्या भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. वरची निळी, तिच्याखाली वीतभर अंतरावर लाल. निळी २००५ ची, लाल २०१९ ची. मामांची नातवंडं पाहुण्यांना सांगतात की २००५ चा पूर मोठा होता. पण २००५ च्या पुरात मामांचं जुनं पांढऱ्या मातीचं घर बसलं. नवं बांधताना त्यांनी जोतं चार-साडेचार फूट वर उचललं, आणि २००५ ला पाणी छातीला लागलं होतं म्हणून नव्या भिंतीवर पुन्हा छातीएवढ्या उंचीवर रेघ मारली. त्यांच्या आठवणीत खोट काही नव्हती. पाणी छातीलाच लागलं होतं. फक्त छाती साडेचार फूट वर सरकली होती. ही रेघ खाली न घेता दोन पुरांची तुलना करणं म्हणजे भिंतीवर लिहिलेलं खोटं वाचणं. तापमानाच्या नोंदींत हेच घडतं. केंद्र जागा बदलतं, भोवती इमारती उठतात, वाचनाची वेळ संध्याकाळऐवजी सकाळ होते. जुन्या काळी जहाजावरून कापडी बादलीने समुद्राचं पाणी वर ओढून त्याचं तापमान घेत, वर येईपर्यंत ते पाणी गार होई. शास्त्रज्ञांनी ते जुने आकडे वर उचलले, आणि त्यामुळे दीर्घकाळची जागतिक तापमानवाढ आधीपेक्षा थोडी कमीच दिसायला लागली. फसवायचं असतं तर उलट केलं असतं. रिचर्ड म्युलर हे कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ या नोंदींवर जाहीर शंका घेत. त्यांनी वेगळा गट उभा केला, जगभरच्या जमिनीवरच्या नोंदी नव्याने तपासल्या, शहरांच्या उष्णतेचा परिणाम वेगळा काढून पाहिला, आणि २०१२ मध्ये कबूल केलं की तापमानवाढ खरी आहे आणि तिचं कारण माणूस आहे. शंका घ्यावी तर अशी, आकड्यांपर्यंत जाऊन.

जगाकडे बघणाऱ्यांवरचा सगळ्यात तिखट आक्षेप मात्र आकड्यांचा नाही, जबाबदारीचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. महापूर ओसरला की चिखल काढायच्या आधी 'हवामानबदल' हा शब्द येतो. तो शब्द आला की पूररेषेच्या आत परवानगी कुणी दिली हे विचारणारा एकटा पडतो. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाने पाणी अडतं का, निळ्या पूररेषेच्या आत काय काय उभं राहिलं, धरणांतला विसर्ग आधी सुरू करता आला असता का, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा किती, ही चर्चा पावसाळा संपता संपता विरते. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराला अलमट्टी कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. इथल्या अनेकांना तो पटलेला नाही, आणि त्यांनी आकडे मांडून वाद घालत राहावा. पण तो वाद नदीच्या खोऱ्यातल्या पुराव्यानेच लढवावा लागेल. तापलेली पृथ्वी त्यात साक्षीला येऊ शकत नाही. याच आक्षेपाचं मोठं रूप असं : 'आपण सगळ्यांनी पृथ्वी तापवली' हे वाक्य जागतिक सरासरीसारखंच आहे, ते फरक पुसतं. एका अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, भारतीयामागे सुमारे २ टन. प्रयाग चिखलीतल्या माणसाच्या अंगणात पाणी येतं तेव्हा ही वाटणी त्याच्या बाजूने मांडायची असेल, तर तापमानवाढ नाकारून चालणार नाही. ती नाकारली की भरपाई कुणाकडे आणि कशाबद्दल मागायची?

एखाद्या पुरात तापलेल्या हवेचा हात किती, हे आज तपासता येतं. त्याची उत्तरं दर वेळी सारखी येत नाहीत, आणि म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसला. २०१५ च्या डिसेंबरमधल्या चेन्नईच्या अतिवृष्टीचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा तापमानवाढीचा ठसा त्यांना सापडला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. २०२४ च्या जुलैत वायनाडला दरड कोसळवणारा पाऊस तपासला तेव्हा तो तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्के जास्त जोराचा झाल्याचं निघालं. दोन्हीमागचं भौतिकशास्त्र एकच : हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प कुठल्या डोंगरावर, कुठल्या दिवशी, किती तासांत रितं होईल ते त्या जागेवर ठरतं. वायनाडचं उत्तर चेन्नईला चालत नाही, दोन्ही कोल्हापूरला चालणार नाहीत. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवसांतल्या घाटातल्या पावसाने कोयना आणि पंचगंगा दोन्ही फुगवल्या. अशा पावसात तापलेल्या अरबी समुद्राचा वाटा किती, हे घाटातल्या पर्जन्यमापकांच्या लांब नोंदींवरच काढता येईल. दोन पुराव्यांची गाठ इथे पडते. जगाचं गणित करायला घाटातली नोंद लागते, आणि घाटातल्या नोंदीचा अर्थ लावायला जगाचं गणित.

म्हणून मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते नोंदींचं. मी ज्या शाळांत शिकवलं त्यांतल्या एका डोंगराकडच्या शाळेत गच्चीवर पर्जन्यमापक होता. मुलं रोज सकाळी साडेआठला मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून वाचन घ्यायची आणि वहीत लिहायची. अकरा पावसाळ्यांच्या वह्या होत्या. बदलीनंतर काही वर्षांनी गेलो तेव्हा कळलं की खोली मोकळी करताना त्या रद्दीत गेल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, त्या वह्यांना किंमत आहे असं कुणाला वाटलं नव्हतं इतकंच. आणि तीच माणसं पुराच्या दिवसांत 'आमच्याकडचा पाऊस वेगळा आहे' असं ठासून सांगतात. वेगळा आहेच. पण किती वेगळा, कधीपासून, हे सांगायला त्या वह्या लागणार होत्या. 'आमच्या बावड्याचं बोला' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी सभागृहाबाहेर गाठलं आणि विचारलं, तुमच्याकडे बावड्याच्या किती वर्षांच्या नोंदी आहेत? ते थोडे रागावले, मग म्हणाले की त्यांच्या वडिलांची एक डायरी आहे, त्यात पहिला पाऊस आणि पात्राबाहेरचं पाणी यांच्या तारखा लिहिल्या आहेत. मी ती मागितली आहे. तेवढ्याने जगाचं काही ठरणार नाही, पण बावड्याचं ठरायला सुरुवात होईल.

मामांच्या भिंतीचं काम मात्र आम्ही या दिवाळीला उरकलं. गावच्या मारुतीच्या देवळाच्या दगडी पायऱ्या कधी हलल्या नाहीत, आणि २००५ ला पाणी चौथ्या पायरीला लागलं होतं हे म्हातारी माणसं एकमुखाने सांगतात. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली. एक टोक मी चौथ्या पायरीवर धरलं, नळी गल्लीतून ओढत भाच्याने दुसरं टोक ओसरीत नेलं. पाणी स्थिर झालं तेव्हा २००५ ची खरी रेघ नव्या फरशीच्या वर फक्त चार बोटं होती. नातवंडं गप्प झाली. त्यांनी सांगितलेला मोठा पूर पायाच्या घोट्यापाशी आला होता. मी निळ्या रेघेवर चुना मारायला निघालो तेव्हा मामांनी हात धरला. "पुसायची न्हाई," म्हणाले, "ती बी खरीच हाय." मग त्यांनी ब्रश घेतला, जुन्या रेघेशेजारी 'जुन्या जोत्यावरून' असं लिहिलं आणि खाली वाकून चार बोटांवर नवी निळी रेघ ओढली.